लाल टॅग आणि पुढचं डावं चाक

गाडीची ब्रेक डिस्क ही एक गोल, निरुपद्रवी दिसणारी लोखंडी थाळी असते. ती चाकाच्या आत बसते. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला चिमटा काढतात आणि गाडी थांबते. चाक काढायचं, त्या चिमट्याचे बोल्ट सोडायचे आणि थाळी हाताने ओढून घ्यायची. मोबाइलवरच्या व्हिडिओत एक टोपीवाला गृहस्थ ती अशी काढतो, जसं आपण लोणच्याच्या बरणीवरचं झाकण काढतो. व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. मी दहा मिनिटं पाहिला. शेवटच्या मिनिटात तो ‘चॅनल सबस्क्राइब करा’ म्हणणार हे उघड होतं, आणि असल्या आर्जवाला बळी पडणारा माणूस मी नाही. त्या उरलेल्या एका मिनिटाची कृपया आठवण ठेवा.

आमची गाडी अकरा वर्षांची. ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून कर्रर्र असा आवाज यायचा. भिलाईच्या जुनवानी भागातल्या आमच्या गल्लीत सगळे रिटायर्ड स्टील प्लांटवाले राहतात, म्हणजे काम शून्य आणि अनुभव अडतीस वर्षं. त्या आवाजावर गल्लीत तीन मतं होती आणि तिन्ही ठाम होती. मेकॅनिकचं मत चौथं होतं: मंगळवारी आणा.

पण मंगळवार चालणार नव्हता. रविवारी माझी बहीण चारुलता नागपूरहून तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन पहिल्यांदा माहेरी येणार होती. आणि माझे वडील, हरिभाऊ, रिटायर्ड रेल मिल, यांनी महिनाभर आधीपासून भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट सांगून ठेवली होती.

“माही नात माह्या गाडीत घरी येईन,” बाबा म्हणायचे. “ऑटोत नाई.”

हे म्हणताना ते गाडीकडे असं बघत, जणू गाडीने तसा शब्द दिलाय.

शुक्रवारी दुपारी मी म्हणालो, “बाबा, दोन घंट्याचं काम आहे. मी करून देतो.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घरून कॉम्प्युटरवर काम करतो. बाबांच्या मते हे काम नाही, बसणं आहे.

“तुले जमन?”

“व्हिडिओ पाहिलाय.”

“रेल मिलमधी पस्तीस साल काढले मी,” बाबा म्हणाले, “पन व्हिडिओ नाई पाहिला. कर बाप्पा.” आणि किल्ली दिली. ही किल्ली त्यांनी मला आयुष्यात दुसऱ्यांदा दिली. पहिल्यांदा गाडी धुवायला दिली होती.

चाक वीस मिनिटांत निघालं. चिमटा, ज्याला कॅलिपर म्हणतात, चाळीस मिनिटांत निघाला. तो मी एका दोरीने वर टांगून ठेवला, अगदी टोपीवाल्यासारखा. मग मी दोन्ही हातांनी डिस्क धरली, चेहऱ्यावर झाकण काढणाऱ्याचा सहजपणा आणला आणि ओढली.

काहीच झालं नाही. पुन्हा ओढली. डिस्क आतल्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडाला, अशी चिकटली होती, जणू दोघं मिळून भिलाईच्या अकरा पावसाळ्यांचा संसार करून बसली होती. मी गाडीखाली अर्धा शिरलो आणि मागून पाय लावून ढकलायला लागलो. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला.

“ए शुभंकर! निंग बाहेर! पयले बाहेर निंग!”

हे कृष्णराव. शेजारचं घर. प्लांटच्या सेफ्टी डिपार्टमेंटमधून रिटायर झाले, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचलेली नाही. भाजी आणायला जातानाही ते आधी पिशवीचे बंद ओढून बघतात.

“गाडी जॅकवर अन् तू खाली? आधाराले काय लावलं?”

“काका, जॅक आहे ना.”

“जॅक उचलाले असते. धरून ठेवाले नाई. तुले मराचं असन तं मर, पन अशा बिनापरमिटचा मरू नको.”

ते घरात गेले आणि दोन जाड लाकडी ओंडके, छापील कागदांचं एक पॅड आणि एक लाल पुठ्ठ्याचा टॅग घेऊन आले. ओंडके गाडीखाली गेले. पॅडमध्ये प्लांटमधल्या कामाच्या परवानगीचे, म्हणजे परमिटचे, कोरे फॉर्म होते. रिटायर होताना त्यांना शाल, घड्याळ आणि हे उरलेलं पॅड मिळालं होतं, त्यातलं पॅड त्यांनी जपून ठेवलं होतं. परमिटवर यंत्राच्या मालकाची सही लागत होती. गाडी बाबांच्या नावावर, म्हणून बाबांना चष्मा लावून बोलावण्यात आलं. बाबांनी दोन्ही बाजू वाचल्या. मागची बाजू कोरी होती, तीही वाचली.

“कामाचं स्वरूप,” कृष्णराव लिहीत म्हणाले. “अडकलेली डिस्क काढने. काम करनारा: शुभंकर. हरिभाऊ, तुमी यंत्र याच्या ताब्यात देऊन राहिले. मंजूर?”

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी सही केली. बँकेत माझ्या शिक्षणाच्या कर्जाला जामीन राहताना त्यांचा चेहरा अगदी असाच होता.

मग कृष्णरावांनी टॅगवर आपलं नाव, तारीख लिहिली आणि तो सुतळीने स्टिअरिंगला बांधला. टॅगवर लाल अक्षरांत छापलं होतं: खतरा. चालू मत करो. आदमी काम पर है.

“ध्यानात ठेव,” ते म्हणाले. “ज्यानं टांगला, त्यानंच काढाचा. मंग तो जनरल मॅनेजर का असंना.”

“हो काका,” मी म्हणालो. मला वाटलं, हा माणूस शेजारी राहतो, कधीही येऊन काढेल. माणसाला भविष्याची इतकी कमी माहिती का दिलेली असते, हा वेगळा विषय आहे.

त्या संध्याकाळी पिठाचा डबा द्यायला मैनाबाई आली. कोपऱ्यावर तिची आटाचक्की आहे. नवरा गेल्यापासून मोटार, पट्टा, दगड सगळं तीच बघते. ती डिस्कसमोर वाकून उभी राहिली आणि तिने बोट लावून आपल्या छत्तीसगढीत विचारलं.

“ए दू ठन छेदा काबर हे, बाबू?”

डिस्कला दोन छोटी भोकं होती खरी, आतून आटे पाडलेली. मी मैनाबाईला समजावलं की ही हवा खेळायची भोकं आहेत, ब्रेक तापू नये म्हणून. मला हे अजिबात माहीत नव्हतं. पण माझा आवाज इतका खात्रीचा होता की माझाही विश्वास बसला.

“हवा खेले बर,” मैनाबाई म्हणाली, “त भीतरी चूड़ी काबर?”

म्हणजे हवा जायला आत आटे कशाला. मी म्हणालो, हवा फिरत जाते. ती डबा ठेवून निघून गेली.

शनिवारी सकाळी उठलो तर कृष्णराव गोंदियाला गेले होते. मेहुण्याकडे वास्तुशांत होती. परत सोमवारी. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट सेफ्टी नाही म्हणजे काम वेगाने होईल असंच वाटलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्लांटमधला माणूस रिटायर होतो, पण त्याचं डिपार्टमेंट होत नाही. त्याला जगातली प्रत्येक अडचण आपल्याच डिपार्टमेंटची वाटते. बाबा रेल मिलचे, म्हणजे जिथे लालबुंद पोलाद दाबून त्याचा रूळ करतात. त्यांच्या मते जगात न हलणारी वस्तू नसते, कमी मारलेली वस्तू असते. त्यांनी मोठा घण आणला.

“सर्क.”

“बाबा, माझ्या ताब्यात दिलंय ना?”

“ताब्यात तुह्या हाय. मारून मी राहिलो.”

पहिल्या घणाला समोरच्या आंब्यावरचे सगळे पोपट उडाले. तिसऱ्या घणाला समोरच्या घरातल्या मुलीने खिडकी लावली. ती मुलगी यू.पी.एस.सी.ची तयारी करते आणि मी तिच्याकडे बघतो, एवढंच आमचं नातं आहे, तेही त्या घणाने संपलं. दहाव्या घणाला बाबा बसले. डिस्क बसलेलीच होती.

मग गुलाबराव आले. गुलाबराव पलीकडच्या घरातले, रिटायर्ड कोक ओव्हन, म्हणजे जिथे कोळसा भट्टीत भाजतात. त्यांनी डिस्कला हात लावून बघितला, जसा डॉक्टर ताप बघतो.

“थंडी हाय,” ते दुःखाने म्हणाले. “लोखंड गरम करा लागते हरिभाऊ. गरम केलं का फुगते, फुगलं का सोडते. आना गॅसचा बर्नर.”

“अन् ब्रेकची नळी जळली तं? रबराची हाय ते.”

“मंग नळीले थंडं ठेवा.”

“कसं?”

“ते तुमचं डिपार्टमेंट.”

बर्नर येणारच होता, पण मध्ये एक अडचण निघाली. आगीच्या कामाला वेगळं परमिट लागतं, आणि ते फक्त कृष्णराव देऊ शकतात. गुलाबरावांनी स्वतःच ही अडचण काढली आणि स्वतःच तिच्यावर नाराज झाले. मी म्हणालो, काका, हे घर आहे, प्लांट नाही. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलोय.

मधल्या काळात आई येऊन गेली. तिने खोबरेल तेल लावायला सांगितलं. “बांगडी नाई निंघत हातातून, तं काय घन मारता का?” हा सल्ला सगळ्यात सभ्य होता, म्हणून कोणी मानला नाही. नंतर मी गुपचूप अर्धी वाटी तेल ओतलं. डिस्क चमकायला लागली. निघाली नाही.

दुपारी नवी डिस्क आणायला पॉवर हाऊसच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणाला, “पुराना दिखाओ, तब नया दूँगा. इसमें तीन टाइप आते हैं.”

“पुराना निकल नहीं रहा.”

“तो नया लगाओगे कहाँ?”

मी फोटो दाखवला. तो म्हणाला, फोटोत साइज येत नाही. मी घरी आलो, सुतळीने डिस्कचा घेर मोजला, सुतळी घेऊन परत गेलो. त्याने सुतळी काउंटरवर गोल मांडली, एक डिस्क तिच्यावर ठेवली, बसली. त्याने मग मला विचारलं, “दर्जी हो क्या?” मी नाही म्हणालो. त्याने ब्रेक पॅडचा जोडही दिला आणि वर सांगितलं, “न निकले तो वापस ले आना.” एखाद्याच्या तोंडावर इतका अविश्वास दाखवायला काहीतरी मर्यादा असावी.

संध्याकाळी मैनाबाई रिकामा डबा न्यायला आली. पुन्हा वाकली.

“ए छेदा के बारे में कोनो सोचिस?”

“मैनाबाई,” बाबा घाम पुसत म्हणाले, “इथं तीन डिपार्टमेंट लागले हायेत. तू जाय.”

ती गेली. चारुलताचा फोन आला. बाबांनी तो स्पीकरवर घेतला.

“बाबा, स्टेशनवर येणार ना? नाहीतर मी ऑटो करते, काही नाही होत.”

“ऑटो?” बाबांचा आवाज चढला. “ऑटो कावून? गाडी तयार हाय. एकदम तयार.” असं म्हणून त्यांनी गाडीकडे पाहिलं. ती तीन चाकांवर आणि दोन ओंडक्यांवर उभी होती.

फोन त्यांनी हळूच ठेवला. घण उचलून जागेवर ठेवायला गेले, तर तोही त्यांनी हळूच ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मला पहिल्यांदाच वाटलं, की मी ती दहा मिनिटं जरा कमी आत्मविश्वासाने पाहायला हवी होती.

रविवारी सात वाजता मी गाडीसमोर बसलो होतो. ट्रेन दहा चाळीसला दुर्ग स्टेशनवर येणार. मैनाबाई आली ती थेट आली. या वेळी तिच्या हातात डबा नव्हता. दोन बोल्ट आणि एक पाना होता.

“हट, बाबू.”

“मैनाबाई, ते हवा...”

“हमर चक्की के पुली घलो अइसनेच धर लेथे.”

चक्कीची पुलीही अशीच धरून बसते, आणि तिलाही अशीच दोन भोकं असतात. तिने एक बोल्ट एका भोकात फिरवला, दुसरा दुसऱ्यात. दोन्ही जणू तिथेच जन्मल्यासारखे बसले. मग पान्याने अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे. बोल्ट आत गेले, मागच्या लोखंडाला टेकले, आणि आता जायला जागा उरली नाही म्हणून डिस्कच बाहेर यायला लागली. चौथ्या फेऱ्याला ‘टण्’ असा एक लहानसा आवाज झाला आणि डिस्क मैनाबाईच्या हातात आली. तिने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि पदराला हात पुसले.

डिस्क काढायची सोय डिस्क बनवणाऱ्यानेच केलेली होती. रेल मिल, कोक ओव्हन आणि इंटरनेट मिळून चाळीस तास त्या सोयीच्या आजूबाजूला घण मारत होते.

गुलाबराव कुंपणावरून म्हणाले, “मी हेच म्हनून राहिलो होतो.”

मग मात्र मी झपाटल्यासारखा लागलो. हब घासला, नवी डिस्क बसवली, कॅलिपरचा दट्ट्या, म्हणजे पॅड ढकलणारा पिस्टन, मागे दाबून नवे जाड पॅड घातले, बोल्ट कसले, चाक चढवलं, ओंडके काढले. साडेनऊला गाडी चार चाकांवर उभी होती. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. आईने मागच्या सीटवर दुपटं अंथरलं. बाबांनी दार उघडलं, बसायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

स्टिअरिंगवर टॅग लोंबत होता.

“काढा ना बाबा,” मी म्हणालो.

“मी कसा काढू? नाव कोनाचं हाय?”

“कृष्णकाकांचं. ते गोंदियाला आहेत. पुठ्ठा आहे तो बाबा. सुतळीनं बांधलेला पुठ्ठा!”

मी हात पुढे केला. गुलाबरावांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात भट्टीवाल्याचा आहे, सुटत नाही.

“ऐक,” ते म्हणाले. “कोळसा वाहून नेनारा पट्टा असते, त्याच्या आत घुसून मी सफाई करून राहिलो होतो. बाहेर शिफ्ट बदलली. नवा मानूस आला, बटनावर बोट ठेवलं त्यानं. समोर हाच टॅग. कृष्णरावाचं नाव. त्यानं बोट मांगं घेतलं अन् कृष्णरावाले शोधाले गेला. त्याले अर्धा घंटा लागला. त्या अर्ध्या घंट्यात मी आत बिडी पिऊन राहिलो होतो, मले पत्ताच नाई.” त्यांनी माझं मनगट सोडलं. “ज्यानं टांगला, त्यानंच काढाचा. बस.”

मी हात खाली घेतला. कृष्णरावांना फोन लावला, तर वास्तुशांतीच्या मंत्रांमध्ये तो वाजून वाजून बंद झाला.

बाबांनी दार हळू लावलं. शर्टाची इस्त्री हाताने सारखी केली. “ऑटो बोलाव,” ते म्हणाले, आणि कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले.

हे गुलाबरावांना बघवलं नाही. ते गाडीजवळ गेले, चष्मा कपाळावर चढवून टॅग पुन्हा वाचला आणि एकदम वळले.

“हरिभाऊ, याच्यावर काय लिवलं हाय? ‘चालू मत करो’. ढकलू मत, असं कुठं लिवलं हाय?”

दहा मिनिटं यावर खल झाला. असं ठरलं: बाबांनी ऑटोने दुर्गला जायचं. आम्ही गाडी ढकलत कोपऱ्यावर, चक्कीपाशी न्यायची. नात तिथे ऑटोतून उतरेल, गाडीत बसेल आणि गाडी ढकलत घरी येईल. म्हणजे नात आजोबांच्या गाडीतूनच घरी आली आणि गाडीही चालू झाली नाही. स्टिअरिंगचं कुलूप सोडायला किल्ली अर्धी फिरवावी लागते, तर ते ‘चालू’ धरायचं का, हा पोटप्रश्न निघाला. धरायचं नाही, असा निर्णय गुलाबरावांनी दिला.

बाबा गेले. मी स्टिअरिंगवर बसलो. गुलाबराव, आई आणि मैनाबाई मागून ढकलायला लागले. आमची गल्ली चक्कीकडे उतरती आहे, हे तिथे तेवीस वर्षं राहून मला त्या दिवशी कळलं. गाडीने वेग घेतला. मागून गुलाबरावांचं हसणं दूर जाताना ऐकू आलं. कोपरा आला. मी सराईतपणे ब्रेक दाबला.

पेडल जमिनीला टेकलं.

ब्रेक नव्हताच. पाय असा आत गेला, जसा अंधारात एक जास्तीची पायरी आहे समजून जातो. “हँडब्रेक! हँडब्रेक ओढ!” आई ओरडत होती. मी हॉर्न दाबला. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते करतो, आणि माझ्या हाताला हॉर्न लागला. गाडी पूर्ण शिष्टाचाराने, हॉर्न वाजवत, मैनाबाईच्या चक्कीबाहेर रचलेल्या कोंड्याच्या पोत्यांत शिरली आणि थांबली. एक पोतं फुटलं. समोरच्या काचेवर कोंडा बसला. टॅग दोनदा डोलून स्थिर झाला.

आई धापा टाकत पोचली. “लागलं काय रे?” मग गाडीकडे, मग पोत्यांकडे, मग मागच्या सीटवरच्या दुपट्याकडे तिने पाहिलं. दुर्गच्या रस्त्यावर कोंड्याची पोती नसतात.

त्याच वेळी माझा फोन वाजला. कृष्णराव. मागे ताटांचा आवाज येत होता.

“कावून रे, सात मिस कॉल?”

मी सगळं सांगितलं. कोंडा जरा कमी सांगितला.

“दट्ट्या मांगं दाबला होता ना?” ते म्हणाले. “मंग पेडल दहा-पंधरा डाव मारा लागते. तवा तेल भरते, तवा ब्रेक लागते. व्हिडिओत नाई सांगितलं काय?”

त्या रात्री मी ते अकरावं मिनिट पाहिलं. टोपीवाला पहिले चाळीस सेकंद फक्त हेच सांगतो, बोट उगारून. सबस्क्राइबचं शेवटी, अगदी संकोचाने म्हणतो.

“टॅग हाय ना जागेवर?” कृष्णरावांनी विचारलं.

“आहे.”

“मंग ठीक हाय. भाजी वाढून राहिले इथं, ठेवतो.”

मी पेडल मोजून पंधरा वेळा मारलं. सातव्याला त्यात जीव आला, दहाव्याला ते कडक झालं. गुलाबरावांनी ढकलून दोनदा तपासलं, मैनाबाईने तिसऱ्यांदा. तिचा आमच्यापैकी कोणावर विश्वास नव्हता.

साडेअकराला ऑटो कोपऱ्यावर आला. बाबा उतरले. त्यांच्या हातात गुलाबी कपड्यांचं एक गाठोडं होतं आणि गाठोड्यातून एक मूठ बाहेर आली होती. चारुलता उतरली. तिने गाडी पाहिली, कोंडा पाहिला, मला पाहिलं.

“याला दिली होती गाडी?” तिने बाबांना विचारलं. नागपूरला राहून तिची भाषा सुधारलीय, पण हा प्रश्न तोच जुना.

“बस,” बाबा म्हणाले. “गाडी तयार हाय.”

ती नातीला घेऊन मागे बसली. बाबांनी स्टिअरिंग घेतलं. चढावर आम्ही चौघं ढकलायला लागलो आणि अर्ध्या वाटेत ऑटोवालाही उतरून लागला. समोरच्या खिडकीतून ती यू.पी.एस.सी.वाली मुलगी बघत होती. मी कपाळाला कोंडा लागलेला असताना शक्य तेवढा रुबाबदार चेहरा करून ढकलत होतो. गाडीत अगदी शांतता होती. बाबांनी तोंडाने इंजिनाचा आवाज काढायला सुरुवात केल्याचं मात्र मी स्वतः ऐकलं. फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला. गाडी जिथे थांबायला हवी, तिथेच थांबली. कर्रर्र झालं नाही.

बाबा उतरले. नातीला कडेवर घेतलं. गल्लीतल्या सगळ्या फाटकांवर माणसं उभी होती, त्यांच्याकडे त्यांनी एकदा हळूच नजर फिरवली. मग माझ्या बाजूने जाताना थांबले.

“पेडल टाईट हाय,” म्हणाले.

रेल मिलमध्ये याहून मोठी शाबासकी देत नाहीत.

सोमवारी कृष्णराव आले, ते पिशवी घरात ठेवण्याआधी परमिटचं पॅड घेऊन आले. चाकाचा एकेक नट तपासला. अवजारं मोजली. मैनाबाईला बोलावून विचारलं, दोन्ही बोल्ट परत मिळाले का. मिळाले होते. मग त्यांनी परमिटवर ‘काम करणारा’पुढचं माझं नाव एका सरळ रेघेने खोडलं, तिथे ‘मैनाबाई’ लिहून तिची सही घेतली, आणि खाली एक नवी ओळ काढली: ‘मदतनीस: शुभंकर’. मी म्हणालो, चाक तर मीच लावलं होतं. ते म्हणाले, “म्हनूनच मदतनीस लिवलं. पयले मी ‘धोका’ लिवनार होतो.”

त्यांनी सुतळी सोडली आणि टॅग खिशात घालणार, तेवढ्यात आतून आई ओठांवर बोट ठेवून बाहेर आली. तीन तास रडून पोर आत्ताच झोपली होती. आईची नजर टॅगवर पडली. तिने तो कृष्णरावांच्या हातातून घेतला, त्यांचंच पेन मागितलं, त्यांचं नाव खोडून आपलं नाव आणि तारीख घातली, आणि आत जाऊन पाळण्याला बांधला.

खतरा. चालू मत करो. आदमी काम पर है.

संध्याकाळी बाबा पाळण्यापाशी उभे होते. नात जागी झाली होती आणि हात वर करून त्यांच्याकडे बघत हसत होती. बाबांनी दोन्ही हात पुढे नेले, टॅगवरचं नाव वाचलं आणि हात मागे घेतले.

“अवं,” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हळूच हाक मारली, “येतेस का जरा? टॅग काढाचा हाय.”